हंबरड्याचं उदाहरण

आमच्या शेजारच्या दाराआड जे गृहस्थ राहतात त्यांना अख्खी इमारत 'मूळव्याध' म्हणते. हे नाव मी ठेवलेलं नाही. ते पसरवण्याचं कष्टाचं काम मात्र माझ्या वाट्याला आलं आणि मी ते मन लावून केलं. तोंडावर आम्ही सगळे 'मूळराव' म्हणतो, आणि त्यांना तो मान वाटतो. कुठलाही शब्द कानावर पडला की हा माणूस त्याच्या मुळाशी जाऊन बसतो आणि मग तिथून उठायचं नाव घेत नाही.

पोटापाण्याचा उद्योगही तोच. शब्दकोशाच्या कचेरीत नोकरी. मी एकदा त्यांचा विसरलेला डबा द्यायला तिथे गेले होते. छतापर्यंत कपाटं, कपाटांत चिठ्ठ्यांचे खण, आणि टेबलाला टेबल लावून बसलेली चार माणसं. दिवसभर शब्दांचाच विचार करायचा आणि एकमेकांशी शब्दही बोलायचा नाही, असा तिथला रिवाज. धुळीने मला शिंक आली, तर त्यातल्या एकाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी टिपून घेतलं. माझी शिंक त्या कोशात कुठे ना कुठे असणार, अशी मला अजून शंका आहे.

मूळरावांकडे त्या कोशातला भावनांचा विभाग. राग, शोक, भीती, मत्सर, सगळी तापट मंडळी यांच्या खणात कोंडलेली, आणि त्यांचा राखणदार कसा, तर थंडगार. कधी आवाज चढलेला ऐकला नाही की कधी डोळ्यात पाणी पाहिलं नाही. त्यांची एक पद्धत मात्र ठरलेली होती. शब्दाचा अर्थ लिहिला, मूळ लिहिलं, तरी चिठ्ठी पुरी झाली असं ते मानत नसत. खाली एक उदाहरण हवं, आणि ते जिवंत माणसाकडून मिळालेलं हवं. टेबलावर बसून रचलेलं उदाहरण म्हणजे प्लॅस्टिकचं फूल, असं ते म्हणायचे. त्यामुळे कुणाचं काही बिनसलं रे बिनसलं, की मूळराव तिथे हजर.

तळमजल्यावरच्या रंगाऱ्याची सायकल चोरीला गेली तेव्हाची गोष्ट. बिचारा जिन्यात उभा राहून चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. मूळराव शांतपणे दोन पायऱ्या खाली उतरले.

"एक विचारू? तुम्हाला आत्ता जे होतंय ते नेमकं कसं होतंय?"

"कसं म्हणजे?"

"म्हणजे बघा, 'संताप' या शब्दात ताप आहे. तापणं. 'क्षोभ' या शब्दात ढवळणं आहे, पाणी घुसळल्यासारखं. तर तुमचं आतून तापलंय, की घुसळलंय?"

रंगारी म्हणाला, "तुम्ही अजून एक पायरी खाली आलात ना, की मी तुम्हालाच घुसळून काढतो. मग तुम्हीच सांगा कसं होतंय."

मूळराव माघारी फिरले, पण चेहरा खुललेला. उदाहरण मिळालं होतं.

घरातही हेच. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, एकदा त्यांच्यावर अशा काही कडाडल्या की माझ्या भिंतीवरचं घड्याळ हललं. कारण नेहमीचंच, दूध उतू गेलं आणि हे समोर बसून छताकडे बघत होते. वहिनींचा सूर जरा खाली आल्यावर मूळराव म्हणाले, "तुला गंमत सांगू? 'राग' म्हणजे मुळात रंग. रंगणं. 'अनुराग' त्यातलाच. म्हणजे प्रेमाचं आणि रागाचं घराणं एकच."

"अस्सं! म्हणजे मी आत्ता जे ओरडले ते प्रेम समजायचं का?"

"ऐतिहासिकदृष्ट्या, हो."

वहिनींनी हातातलं ओलं फडकं त्यांच्या तोंडावर मारलं. तेही ऐतिहासिकदृष्ट्याच असावं.

पुढे रेडिओवाल्यांना या माणसाचा पत्ता लागला. दर शनिवारी सकाळी बातम्यांनंतर मूळरावांचं छोटंसं बोलणं सुरू झालं. एक शब्द, त्याचा अर्थ, त्याचं मूळ आणि शेवटी एक उदाहरण. 'उत्कंठा' म्हणजे मान उंच करून वाट बघणं. 'विषाद' म्हणजे खाली बसणं, मन पार बसतं म्हणून. 'रोमांच' म्हणजे अंगावरचे केस उभे राहणं. आमची गल्ली अगदी कान टवकारून ऐकायची. न्हाव्याच्या दुकानात वस्तरा थांबायचा, बेकरीत पाव मोजायचे राहायचे. व्युत्पत्ती कुणाच्या डोक्यात शिरत होती असं नाही. मजा असायची ती उदाहरणाची. मूळराव नाव कधीच घ्यायचे नाहीत. 'मी एका गृहस्थांना ओळखतो' असं म्हणायचे, आणि मग तो गृहस्थ कोण, यावर आठवडाभर गल्लीत पैजा. मी बहुतेक वेळा दुपारच्या आत ओळखायचे. रोमांचातले गृहस्थ म्हणजे बेकरीवाले, हे तर मी चहा संपायच्या आत सांगितलं होतं. बेकरीवाल्यांनाही त्याचा अभिमानच वाटला. दंडावरचे केस दाखवत फिरत होते.

आता आक्कांबद्दल सांगायला हवं. आक्का म्हणजे मूळरावांची थोरली बहीण. गल्लीच्या टोकाला त्यांचं शिवणाचं दुकान. खोली एकच. खिडकीपाशी मशीन, मध्ये एक पडदा आणि पडद्यामागे घर. आई लवकर गेली, तेव्हा या मुलीने परकर खोचून सगळं अंगावर घेतलं आणि धाकट्या भावाला वाढवलं. मूळरावांनी अंगात घातलेला एकूण एक शर्ट आक्कांच्या हातचा. आज डोक्यावर केस शोधावे लागतात अशी त्यांची अवस्था, तरी आक्का त्यांना 'छोट्या'च म्हणतात, तेसुद्धा भर रस्त्यात, पार पलीकडच्या फुटपाथवरून.

आक्कांचे यजमान वारले, त्याला रेडिओचं हे सुरू होईपर्यंत बराच काळ लोटला होता. ते गेले त्या दिवशी आक्का रडल्या नाहीत. माणसं येत होती, जात होती, आक्का कोरड्या डोळ्यांनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. गल्लीने याची नोंद घेतली होती. मीही घेतली होती, उगाच खोटं कशाला बोला.

तर एका शनिवारी मूळरावांनी शब्द घेतला 'हंबरडा'. मी स्वयंपाकघरात भांडी विसळत ऐकत होते. "हंबरणं हे गाईचं," मूळराव सांगत होते. "वासरू दिसेनासं झालं की गाय हंबरते. माणसाजवळचे शब्द संपले की तो जनावराचा आवाज उसना घेतो. तो हंबरडा." मला पटलं. मग नेहमीप्रमाणे उदाहरण आलं. "मी एका बाईंना ओळखतो. पती गेले तेव्हा त्यांच्या डोळ्यातून टिपूससुद्धा आलं नाही. काही महिन्यांनी त्या मशीनवर शिवत बसल्या होत्या. सुई मोडली. आणि बाईंनी असा हंबरडा फोडला, की ऐकणाऱ्याच्या काळजाचं पाणी व्हावं. साठलेलं दुःख असं आपली वाट शोधतं."

'मशीन' हा शब्द आला आणि माझ्या हातातलं पातेलं सुटलं. आमच्या गल्लीत मशीन एकच.

मूळराव घरी आले ते खुशीत. वहिनी दारातच उभ्या.

"अहो, काय बोलून बसलात हे?"

"का? नाव कुठे घेतलं मी?"

"नाव! दुकानावर पाटी लावायची तेवढी राहिली होती!"

"अगं, पण त्यात वाईट काय आहे? मी तर तिचा गौरवच केला."

दुपारपर्यंत आक्कांच्या दुकानासमोर बायकांची रीघ लागली. ज्यांचे कपडे फाटले नव्हते त्याही काहीतरी उसवून घेऊन आल्या. बेकरीवालीण आक्कांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "एवढं पोटात ठेवलंत हो आक्का! केवढा जीव असेल तुमचा त्यांच्यावर! आणि आम्ही मेल्या काय काय बोलत होतो." न्हाव्याची बायको नुसतीच डोळे पुसत उभी. आक्का मान हलवत होत्या आणि कपडे घेत होत्या. मग भर बाजाराच्या वेळेला त्यांनी शटर ओढलं.

संध्याकाळी वहिनींना दाराच्या कडीला एक पिशवी अडकवलेली सापडली. आत मूळरावांचा अर्धवट शिवलेला शर्ट. एक बाही लागलेली, दुसरी घडी करून खिशात कोंबलेली. एवढं बोलणारं कापड मी जन्मात पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मूळराव माफी मागायला गेले. दुकानाच्या समोर किराणावाला आहे आणि मला नेमकं तेव्हाच मीठ हवं होतं, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं.

"आक्का, चुकलं माझं."

आक्का मशीनवरून उठल्या. "तुला कळतंय का रे छोट्या काय करून ठेवलंस ते? बायका माझ्याकडे बघून डोळ्याला पदर लावतायत. रस्त्यावर पाऊल टाकवत नाही मला. मेल्याहून मेल्यासारखं झालंय."

आता इथे गप्प बसावं की नाही? मान खाली घालावी, पाय धरावे, काही करावं. पण सवय वाईट. मूळराव म्हणाले, "म्हणजे तुला लाज वाटतेय, की अपमान वाटतोय? कारण लाजेत माणूस स्वतःला लपवतो, आणि अपमानात..."

शटर त्यांच्या नाकासमोरून खाली आलं. नाक शाबूत राहिलं ते केवळ लहान म्हणून.

त्यानंतर आक्कांनी बोलणं टाकलं. रस्त्यात समोरून भाऊ येताना दिसला की त्या पलीकडच्या बाजूला जायच्या, आणि पलीकडून हाक मारायच्या नाहीत. मी गंमत करायची सवय असलेली बाई, पण मलाही त्यात काही सुचेना. मूळराव चहात मीठ घालू लागले. कचेरीत जायचे आणि एकाच चिठ्ठीवर बोट ठेवून बसायचे, असं तिथला शिपाई वहिनींना सांगून गेला. एकदा जेवताना हात ताटातच राहिला, तेव्हा वहिनींनी विचारलं, "काय होतंय हो? सगळ्या जगाला विचारता ना, कुठे होतंय म्हणून. तुम्हाला कुठे होतंय?"

मूळराव म्हणाले, "माहीत नाही गं. सगळीकडेच."

आणि मग ताट पुढे ढकलून, "मला आई आठवतच नाही. आई म्हटलं की आक्काच दिसते. तिने दार लावलं तर मी कुणाकडे जाऊ?"

वाटी परत द्यायला म्हणून मी दारात आले होते. ती तशीच हातात धरून उभी राहिले.

दोन दिवसांनी त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली. अशा कल्पना फक्त शिकलेल्या माणसांनाच येतात. "या शनिवारी मी रेडिओवरून माफी मागतो," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर चूक केली, माफीही सगळ्यांसमोर."

वहिनींनी कपाळावर हात मारला. "म्हणजे ज्यांना अजून कळलं नव्हतं त्यांनाही कळू दे! पार पलीकडच्या शहरातून बायका रडायला येऊ देत!"

मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही बोलून बिघडवलंय. आता न बोलून बघा. माझा ड्रेस मुंढ्यात घट्ट झालाय, तो सैल करायला मी आक्कांकडे निघालेच आहे. तुम्ही मागून या. पण एक शब्द तोंडातून काढायचा नाही."

"'अं' चालेल का?"

"'अं'सुद्धा नाही. आणि काही विचारायचं तर मुळीच नाही."

अशी आमची वरात निघाली. पुढे मी ड्रेस घेऊन आणि मागे मूळराव ओठ मिटून. आक्कांनी मला पाहिलं, माझ्या मागे पाहिलं, आणि गळ्यातली टेप काढून माझ्याकडे वळल्या.

"याला सांग, उन्हात उभा राहू नकोस. आत येऊन त्या स्टुलावर बस. पण मला त्याच्याशी बोलायचं नाही."

स्टूल माझ्यापासून हातभर अंतरावर. तरी मी वळून सांगितलं, "भाऊजी, आक्का म्हणतायत आत बसा." मूळराव बसले.

"हात वर कर," आक्का मला म्हणाल्या आणि माप घेऊ लागल्या. "याला सांग, याने रेडिओवर जे सांगितलं ते खोटं आहे."

मूळरावांचं तोंड उघडलं. मी एक हात वर धरलेलाच होता, तसेच डोळे वटारले. तोंड मिटलं.

"मी ओरडले ते खरं. सुई मोडली तेही खरं. हा तेव्हा त्या पडद्यापाशी उभा होता, याने कानांनी ऐकलं. पण कशासाठी ओरडले, ते याने विचारलं? जिन्यातल्या रंगाऱ्याला विचारतो. बेकरीवाल्याला विचारतो. त्या न्हाव्याला, दाढ दुखत असताना विचारतो. मला नाही विचारलं. स्वतःच ठरवून मोकळा झाला, आक्का दुःखाने ओरडली."

मी निरोप पोचवायचा म्हणून वळले, पण मूळरावांचा चेहरा पाहिला आणि परत आक्कांकडे फिरले. त्यांना निरोपाची गरज नव्हती.

"खाली घे हात," आक्का म्हणाल्या. टेप त्यांच्या हातातून लोंबत राहिली. "सुई मोडली, टक्कन. आणि मी काय केलं, तर मान खाली घातली. आवाजाची वाट बघत बसले. पडद्यामागून नवऱ्याचा यायचा ना. काही सांडलं, काही पडलं, की आतून यायचा, 'आता काय मोडलंस?' असा, की समोरचं गिऱ्हाईक पिशवी उचलून चालू लागायचं. इतकी वर्षं तेच. मी वाट बघितली. आवाज आला नाही. मग लक्षात आलं, आता यायचाच नाही. सुई मोडू दे, मशीन मोडू दे, दुकान कोसळू दे, कुणी ओरडणार नाही. आणि मग ते आतून आलं. दुःख कसलं गं? मी सुटले म्हणून ओरडले."

(हे सगळं इथे लिहिण्याआधी मी आक्कांना विचारलं आहे. त्या म्हणाल्या, "लिही की. आता काही वाटत नाही मला. फक्त त्याच्यासारखं अर्धं लिहू नकोस, पूर्ण लिही.")

"माणूस वाईट नव्हता," आक्का पुढे म्हणाल्या. "हात कधी उचलला नाही. घरात काही कमी पडू दिलं नाही. पण तो गेल्यावर मला मोकळा श्वास आला, हे मी कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून गप्प होते. तो गेला तेव्हा सगळे टक लावून बघत होते, तरी मी खोटं रडले नाही. तेवढा माझा खरेपणा मी राखला होता. आता बायका येऊन म्हणतात, 'किती जीव होता तुमचा', आणि मला मान हलवावी लागते. रोज. त्या दिवशी जे खोटं केलं नाही, ते याने आता माझ्याकडून करून घेतलं."

मी गोंधळून मागे सरकले आणि माझ्या कोपराने टाचण्यांची डबी खाली सांडली. आक्कांची मान, काय सांगू तुम्हाला, क्षणभर खरंच खाली गेली. मग त्यांनीच ती वर उचलली.

मूळराव स्टुलावरून उठून फरशीवर उकिडवे बसले आणि टाचण्या वेचू लागले. एकेक करून. संताप की क्षोभ, सुटका की मोकळीक, काही म्हणून विचारलं नाही त्यांनी. खरंतर विचारायला याहून मोठं घबाड त्यांना उभ्या नोकरीत मिळालं नसेल. टाचण्या डबीत भरल्या, डबी मशीनवर ठेवली आणि उभे राहिले.

"याला सांग, जा आता घरी," आक्का म्हणाल्या. आवाज जरा मऊ झाला होता, पण बोलणं अजून माझ्याशीच.

वाटेत मूळराव मला म्हणाले, "तुम्ही हे कुणाला सांगणार नाही ना?"

मला राग आला. मग आठवलं की मी कोण आहे, आणि राग गेला. नाही सांगितलं मी कुणाला. पोटात कळा आल्या, पण नाही सांगितलं.

शनिवार आला. मी आक्कांच्या दुकानातच होते. ड्रेस घालून बघायचा होता, आणि खरं सांगायचं तर धाकधूक होती. वहिनींनी सकाळीच सांगितलं होतं, "काय बोलणार आहेत ते मलाही सांगत नाहीत. नुसतं म्हणतात, रेकॉर्डिंग झालं." बेकरीवालीण नेमकी तेव्हाच पडद्याचं कापड घेऊन आली. समोर किराणावाल्याचा रेडिओ चालू. मूळरावांचा आवाज आला आणि आक्कांनी मशीन थांबवलं.

"मागच्या खेपेला 'हंबरडा' या शब्दाचं जे उदाहरण मी दिलं, त्याबद्दल खुलासा करायचा आहे. तशी बाई कुणीच नाही. ते उदाहरण माझं स्वतःचं आहे. पत्नी बाहेर गेली होती. मी शर्टाला बटण लावायला बसलो. सुई बोटात गेली आणि आतच मोडली. तेव्हा जो आवाज माझ्या तोंडून निघाला, तो ऐकून आमच्या शेजारीणबाई काठी घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं, घरात गुरं शिरली. नंतर मला लाज वाटली, म्हणून मी ते एका बाईंच्या माथी मारलं आणि वर दुःखाचा मुलामा दिला. श्रोत्यांनी क्षमा करावी. शेजारीणबाई याला साक्षी आहेत."

मी! साक्षी! काठी घेऊन!

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एक उदाहरण रचलं नव्हतं, त्याने आज अख्खं रचून, तेही स्वतःच्या नावावर, रेडिओवरून सांगितलं होतं. पुढचं काम माझं होतं, आणि ते कसं करायचं हे मला कुणी शिकवायला नको.

बेकरीवालीण माझ्याकडे वळली. "काय गं, खरंच?"

"खरंच म्हणजे? डोळे पांढरे केले होते त्यांनी!" मी म्हटलं. "बोट वर धरून खोलीभर नाचत होते. मी कांदा हुंगवला तेव्हा कुठे खाली बसले. अगं, वर गच्चीतली कबुतरं उडाली!"

बेकरीवालीण हसून हसून कापडाच्या गठ्ठ्यावर बसली. मग एकदम आक्कांकडे बघत म्हणाली, "बाई बाई, आणि मी तुमचंच समजले हो! उगाच हात धरून रडले तुमच्या."

"तू रडलीस ते रडलीस," आक्का म्हणाल्या, "पण माझं अस्तर भिजवलंस."

बेकरीवालीण निघाली ती थेट न्हाव्याकडे. तिथून पुढे मला फार श्रम पडले नाहीत. दुपारपर्यंत मूळराव रस्त्याने निघाले की न्हाव्याच्या दुकानातून 'हम्माऽ' असा आवाज यायचा. रंगाऱ्याने तर जिन्यात अडवून विचारलं, "काय हो, तापलं होतं की घुसळलं होतं?" मूळराव कान लाल करून म्हणाले, "टोचलं होतं." कचेरीत काय झालं, ते मला वहिनींकडून कळलं. तिथल्या तिघांनी खोट्या उदाहरणाबद्दल त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. मूळरावांनी ऐकून घेतलं आणि हंबरड्याच्या चिठ्ठीवरचं उदाहरण खोडून तिथे लिहिलं, 'मिळालेले नाही.'

आक्कांच्या दुकानात नंतर जे कपडे आले ते खरोखर फाटलेले होते. कुणी हात धरला नाही, कुणी डोळे पुसले नाहीत. एकीने तर बाही आखूड झाली म्हणून भांडण काढलं. आक्का तिच्याशी इतक्या उत्साहाने भांडल्या की मला भरून आलं.

त्याच शनिवारी रात्री जेवणं उरकल्यावर त्या दुकान बंद करून आमच्या इमारतीत आल्या. मी जिन्यात होतेच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मला काही सांगितलं नाही. दारात उभं राहून थेट आत हाक मारली.

"छोट्या!"

मूळराव आतून आले. हातात वर्तमानपत्र, ते उलटं.

"खोटारड्या," आक्का म्हणाल्या.

"हो."

"सुई टोचली म्हणून कुणी असं ओरडतं का रे? लहानपणी तुझ्या पायात काटा जायचा तेव्हा तू गप्प बसायचास, ओरडायचे मी."

"हो."

"'हो' काय? सगळी गल्ली हम्मा करतेय तुला."

"करू दे."

वहिनींनी मागून खुर्ची पुढे सरकवली, पण आक्का बसल्या नाहीत.

"पुढच्या वेळी विचारशील मला?"

"विचारीन."

"मग आता विचार."

मूळरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. घसा साफ केला. आता काय निघतंय, मान, कंठ, ताप की घुसळण, देव जाणे.

"आक्का," ते म्हणाले, "कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. वहिनींनी चहा टाकला. आक्का म्हणाल्या, साखर कमी टाक. मग म्हणाल्या, नको, टाक नेहमीएवढी. आणि चहा येईपर्यंत आत जाऊन बाकड्यावर पाय लांब करून बसल्या, बसता बसता कलंडल्या. वहिनी कप घेऊन आल्या तोवर आक्कांचा डोळा लागला होता. मूळराव पंख्याचा वेग कमी करायला उठले, आणि माझा जीव भांड्यात पडला.

एवढ्यात रंगारी जिना चढून वर आला. मी त्याला कबुतरांचा भाग नव्याने सांगायला घेतला. तो त्याने ऐकला नव्हता, आणि त्यात आता एक घारही आली होती. मूळराव दारात आले आणि ओठांवर बोट ठेवून हळूच म्हणाले, "जरा खालच्या आवाजात. ती झोपली आहे."

रंगारी सवयीने 'हम्मा' म्हणणार होता. त्याने तोंडावर हात धरला. आतून आक्कांच्या घोरण्याचा आवाज येत होता, चांगला दणदणीत. आम्ही तिघं तो ऐकत जिन्यातच उभे राहिलो.